पुढचा व्हिडिओ कोणी निवडला?

लहान मुलांसाठी असलेली एखादी ऑनलाइन व्हिडिओसेवा सुरक्षित आहे की नाही, याचा विचार करताना पालकांचे आणि कंपन्यांचेही लक्ष बहुधा 'वाईट व्हिडिओ मुलापर्यंत पोहोचू नये' या एकाच गोष्टीवर खिळलेले असते. ही काळजी रास्त आहे, पण अपुरी आहे. कारण मूल एक व्हिडिओ पाहून उठत नाही, ते एकामागून एक पाहत जाते, आणि पहिला व्हिडिओ आईने किंवा आजोबांनी लावून दिलेला असला तरी दुसरा, पाचवा आणि विसावा कोणी, कशाच्या आधारे आणि कोणाच्या लाभासाठी निवडला, यावरच त्या अर्ध्या-पाऊण तासात मुलाच्या वाट्याला काय आले हे ठरते. मुलांच्या व्हिडिओसेवांचा गेल्या दहा-बारा वर्षांचा इतिहास या निवडीच्या अंगाने वाचला, तर त्यातले अपघात सुटे-सुटे राहत नाहीत. त्यांच्यामागचे कारण एकच असल्याचे दिसू लागते.

निवडीचा हा प्रश्न दूरचित्रवाणीच्या काळातही होता, मात्र तेव्हा निवड करणारी माणसे ठाऊक होती. अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' ही मुलांची मालिका १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाली. तिच्या निर्मात्या जोन गँझ कूनी आणि त्यांचे सहकारी यांनी लेखक-कलावंतांच्या जोडीला बालमानसशास्त्राचे अभ्यासक बसवले होते. त्यांपैकी एडवर्ड पामर यांनी मुलांचे लक्ष मोजण्याची एक साधी युक्ती योजली. मुलासमोर दूरचित्रवाणी संचावर कार्यक्रमाचा भाग चालू ठेवायचा, शेजारच्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी एक नवे रंगीत चित्र झळकवायचे आणि मुलाची नजर नेमकी कोणत्या क्षणी कार्यक्रमावरून ढळून त्या चित्राकडे जाते, याची नोंद करायची. ज्या जागी पुष्कळ मुलांची नजर ढळे, तो भाग पुन्हा रचला जाई. म्हणजे मुलांचे लक्ष मोजणे ही काही इंटरनेटने शोधून काढलेली गोष्ट नव्हे. फरक पुढे आहे. पामर आणि त्यांचे सहकारी लक्ष मोजून थांबत नसत. मुलाने ते अक्षर ओळखले का, मोठे-लहान यांतला भेद त्याला कळला का, हेही तपासले जाई, आणि लक्ष खेचूनही काही न शिकवणारा भाग अपुरा मानला जाई.

पुढे १९९६ साली सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज' या मालिकेचा एकच भाग आठवड्याचे पाचही दिवस पुन्हा पुन्हा दाखवला जात असे. मोठ्यांना ही पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटेल. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला पहिल्या वेळी जे सुटते ते तिसऱ्या वेळी सापडते, आणि पाचव्या वेळी ते उत्तर आधीच ओरडून सांगते, असे संशोधकांना आढळले होते. महाराष्ट्रातही १९८४ साली पुण्यात स्थापन झालेल्या 'बालचित्रवाणी' या संस्थेने शालेय वयाच्या मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम तयार केले आणि ते दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचले. ती संस्था २०१७ साली बंद पडली, हे मराठी बालकांचे मोठे नुकसान आहे. कारण मराठी मुलाने काय पाहावे याचा विचार करण्यासाठी पगार देऊन माणसे नेमलेली होती, अशा मोजक्या जागांपैकी ती एक होती. या साऱ्या कार्यक्रमांचा आणखी एक गुण त्या काळी कोणाला गुण म्हणून जाणवतही नसे, तो असा की ते ठरल्या वेळी संपत.

यूट्यूब २००५ साली सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी गूगलने ते विकत घेतले. २०१९च्या सुमारास तेथे दर मिनिटाला ५०० तासांहून अधिक लांबीचे व्हिडिओ चढवले जात होते. हिशेब मांडला तर एका दिवसाची आवक ७,२०,००० तासांची होते, आणि रोज आठ तास बसून ती पाहायची ठरवणाऱ्या एका माणसाला त्यासाठी सुमारे २४६ वर्षे लागतील. इतक्या साठ्यातून माणसांनी हाताने निवड करणे शक्य नाही, म्हणून ती निवड यंत्राकडे गेली. या यंत्राला शिफारसप्रणाली म्हणतात. प्रेक्षकाने आजवर काय पाहिले, किती वेळ पाहिले, मध्येच काय सोडले, त्याच्यासारख्या इतर प्रेक्षकांनी त्यानंतर काय पाहिले, अशा असंख्य खुणांवरून ही प्रणाली पुढचा व्हिडिओ सुचवते. २०१२ साली यूट्यूबने व्हिडिओ किती वेळा उघडला गेला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला अधिक वजन देण्यास सुरुवात केली, आणि तेथे जितका वेळ पाहण्यात जातो त्यातील ७० टक्क्यांहून अधिक वेळ या शिफारशींमुळे जातो, असे कंपनीच्या वतीने २०१८ साली सांगण्यात आले.

ही प्रणाली प्रौढ माणसाच्या बाबतीत निदान काही अंशी त्याची आवड टिपते, कारण प्रौढ माणूस कंटाळला की उठतो किंवा दुसरे काही शोधतो. लहान मुलाच्या बाबतीत मात्र त्याच खुणांचा अर्थ बदलतो. दोन-तीन वर्षांचे मूल एकच गाणे वीस वेळा पाहते, कारण पुनरावृत्ती ही त्याची शिकण्याची रीत आहे. यंत्र मात्र त्यातून 'हे फार आवडले, याच्यासारखेच आणखी द्यावे' असे अनुमान काढते. घाबरलेले मूल पुष्कळदा पडद्यावरून नजर न हलवता तसेच बसून राहते, आणि यंत्राच्या लेखी तेही पूर्ण पाहिलेले म्हणजे आवडलेले ठरते. शीर्षक वाचता न येणारे मूल ओळखीच्या चेहऱ्याच्या चित्रावर बोट ठेवते. ते चित्र मूळ निर्मात्याचे आहे की कोणीतरी उचलून लावलेले, हे त्याला कळणे शक्य नसते. ज्या प्रेक्षकाला नको म्हणता येत नाही, त्या प्रेक्षकाच्या गप्प बसण्याला संमती मानणारी ही व्यवस्था आहे, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ येथेच आहे.

यूट्यूबने फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेत 'यूट्यूब किड्स' हे मुलांसाठीचे स्वतंत्र ॲप आणले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये ते भारतात आले. मोठी चित्रे, थोडे शब्द, गोल-गोल बटणे आणि मूळ साठ्यातून चाळून घेतलेले व्हिडिओ, असे त्याचे स्वरूप होते. हे चाळण्याचे काम मुख्यत्वे यंत्रच करीत होते आणि ते शीर्षक, वर्णन, चित्रे व पाहणाऱ्यांचे वर्तन यांवर विसंबून होते. मुलांच्या लाडक्या पात्रांची नावे शीर्षकात एकापुढे एक रचली, थंबनेल म्हणजे व्हिडिओचे दर्शनी चित्र भडक रंगांचे ठेवले आणि आत काहीही भरले, तरी तो व्हिडिओ चाळणीतून खाली येऊ शकत होता. २०१७च्या मार्च महिन्यात ब्रिटनमधील बीबीसीने अशा नकली व्हिडिओंकडे लक्ष वेधले. त्यांत 'पेपा पिग' या लोकप्रिय कार्टूनमधल्या डुकराच्या पिल्लासारखे हुबेहूब दिसणारे पात्र दंतवैद्याकडे जाते आणि तेथे मोठ्या सुईने आणि दात उपटण्याच्या प्रकाराने त्याचा छळ होतो, असा एक व्हिडिओ होता. रंग तेच, आवाज जवळपास तसाच, सुरुवात ओळखीची. मुलाला भीती वाटू लागेपर्यंत दुसऱ्या खोलीत असलेल्या आईला काही वेगळे चालले आहे याची चाहूलही लागू नये, अशी त्याची घडण होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मुलांच्या ॲपमध्येही असे व्हिडिओ शिरल्याचे वृत्त दिले, आणि पाठोपाठ ब्रिटिश लेखक जेम्स ब्रायडल यांनी एका दीर्घ निबंधात या प्रकारामागची रचना उलगडून दाखवली. त्यांचा मुद्दा असा होता की येथे कोणी एक विकृत माणूस बसून मुलांना घाबरवत आहे असे समजणे सोपे आहे, परंतु खरे पाहता शीर्षकातले शब्द, यंत्राने जुळवलेली चित्रे आणि पाहिले गेलेल्या प्रत्येक मिनिटामागचे जाहिरातींचे पैसे यांच्या साखळीतून हे व्हिडिओ ढिगाने निपजत आहेत, आणि कोणते मुद्दाम केलेले व कोणते आपोआप घडलेले, हेही सांगता येऊ नये इतकी ती साखळी लांबली आहे. या प्रकाराला 'एल्सागेट' असे नाव पडले. 'फ्रोझन' या चित्रपटातील एल्सा ही राजकन्या त्यांपैकी अनेक व्हिडिओंत वापरली गेली होती. कंपनीने पुष्कळ चॅनेल काढून टाकले आणि अशा व्हिडिओंना मिळणाऱ्या जाहिराती बंद केल्या. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, पालकाने स्वतः निवडलेले व्हिडिओच मुलाला दिसावेत अशी सोय ॲपमध्ये आली. या सोयीला मिळायला हवे तितके महत्त्व मिळालेले नाही. तिचा विचार पुढे येईल.

व्हिडिओ निर्दोष असला तरी तो विनामूल्य मिळतो त्याची किंमत कोणीतरी मोजत असतेच. ती बहुतांशी जाहिरातदार मोजतात, आणि जाहिरात नेमक्या माणसाला दाखवता यावी म्हणून प्रेक्षकाची माहिती गोळा होते. अमेरिकेत १९९८ साली झालेला आणि एप्रिल २००० पासून लागू झालेला 'कोपा' हा कायदा तेरा वर्षांखालील मुलांची वैयक्तिक माहिती पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीवाचून गोळा करण्यास मनाई करतो. २०१३च्या दुरुस्तीने वैयक्तिक माहितीच्या व्याख्येत कुकी, म्हणजे एकाच माणसाचा ऑनलाइन माग ठेवणारी छोटी खूण, हिचाही समावेश झाला. यूट्यूब हे तेरा वर्षांखालील मुलांसाठी नाहीच, अशी भूमिका कंपनी घेत होती. पण सरकारी तक्रारीत असे नोंदवले गेले की खेळणी बनवणाऱ्या बड्या कंपन्यांपुढे ती स्वतःला सहा ते अकरा वयाच्या मुलांपर्यंत पोहोचण्याचे अग्रगण्य ठिकाण म्हणून मांडत होती. सप्टेंबर २०१९ मध्ये १७ कोटी डॉलरच्या रकमेवर तडजोड झाली आणि जानेवारी २०२० पासून जगभरच्या व्हिडिओ निर्मात्यांना आपला व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही, हे जाहीर करणे बंधनकारक झाले. मुलांसाठी म्हणून नोंदवलेल्या व्हिडिओखाली टिप्पण्या येत नाहीत, प्रेक्षकाच्या सवयी पाहून निवडलेल्या जाहिराती लागत नाहीत, आणि तो पाहणारा कोणीही असला तरी त्याची माहिती मुलाचीच समजून हाताळली जाते.

या शेवटच्या कलमाचे मोल भारतातल्या घरांत विशेष आहे. येथे बहुतेक मुले स्वतःच्या खात्यावरून काही पाहत नाहीत. ती आईच्या, काकाच्या किंवा आजीच्या मोबाइलवर, त्यांच्याच खात्यावरून पाहतात. यंत्राच्या दृष्टीने तो प्रेक्षक पस्तीस वर्षांचा किंवा साठ वर्षांचा असतो. आजीने सकाळी पाहिलेली भजने, मामाने रात्री पाहिलेल्या गुन्हेगारीच्या कथा आणि नातवाने दुपारी जेवताना पाहिलेली बडबडगीते हे सारे एकाच माणसाच्या नावे जमा होते आणि पुढच्या शिफारशी त्या मिश्रणातून निघतात. जेवण भरवताना मोबाइल समोर धरण्याची पद्धत आता शहरात आणि गावात सारखीच रूढ झाली आहे. काऊचा घास, चिऊचा घास म्हणत भरवले जाणारे तेच घास आता गाण्याच्या तालावर नकळत तोंडात जातात, आणि मध्येच गाणे संपून आपोआप दुसरे काही सुरू झाले तरी भरवणाऱ्याचे लक्ष वाटीकडे व मुलाच्या ओठांकडे असते. मुलांच्या स्वतंत्र ॲपचा सर्वांत मोठा उपयोग येथे आहे. त्याची चाळणी निर्दोष नाही, पण घरातल्या मोठ्यांच्या आवडीनिवडीपासून मुलाची निवड ते वेगळी करते.

जाहिरातीचा दुसरा प्रकार कायद्याच्या पकडीत येणे अधिक अवघड आहे, कारण तेथे व्हिडिओ आणि जाहिरात यांच्यात सीमारेषाच उरलेली नसते. सात-आठ वर्षांखालील मुलांना जाहिरात ओळखता आली, तरी 'हा माणूस आपल्याला काहीतरी विकू पाहत आहे' हा तिच्यामागचा हेतू नीट उमगत नाही, असे बालमानसशास्त्रातील अभ्यासांनी दाखवले आहे. म्हणूनच अमेरिकेत दूरचित्रवाणीवर मुलांच्या कार्यक्रमातील पात्राने त्याच कार्यक्रमात किंवा त्याला लागून काही विकण्यास बंदी होती, आणि स्वीडनने तर बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेल्या दूरचित्रवाणी जाहिरातींवरच बंदी घातली. ऑनलाइन व्हिडिओत मात्र एखादे गोजिरवाणे मूल खेळण्याचे खोके फोडते, आतली वस्तू पाहून हरखून जाते, तिच्याशी खेळते, आणि हाच संपूर्ण कार्यक्रम असतो. पाहणाऱ्या मुलाला तो आपल्यासारख्याच एका मित्राचा आनंद वाटतो. असे चॅनेल चालवणारे अमेरिकेतले एक कुटुंब 'फोर्ब्ज'च्या २०१८च्या यादीत २ कोटी २० लाख डॉलरच्या वार्षिक कमाईसह पहिल्या क्रमांकावर होते. प्रायोजित व्हिडिओवर लहानशी सूचना लावण्याचा नियम आहे, पण ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी लिहिलेली सूचना म्हणजे सूचना नव्हेच.

पडद्याच्या अलीकडचे मूल जितके जपायचे तितकेच पलीकडचेही. २०१९च्या फेब्रुवारीत असे उघडकीस आले की मुलांच्या अगदी साध्या घरगुती व्हिडिओंखाली काही प्रौढ माणसे आक्षेपार्ह टिप्पण्या लिहून एकमेकांना खुणा करीत होती. त्यानंतर अल्पवयीन मुले दिसणाऱ्या बहुसंख्य व्हिडिओंवरील टिप्पण्या बंद करण्यात आल्या. त्याच वर्षी जूनमध्ये हेही समोर आले की पोहण्याच्या तलावात खेळणाऱ्या मुलांचे कौटुंबिक व्हिडिओ शिफारसप्रणालीच एकत्र गुंफून अनोळखी प्रेक्षकांच्या पुढ्यात ठेवत होती. आपल्या मुलाचा व्हिडिओ दहा नातेवाइकांसाठी म्हणून चढवणाऱ्या पालकाने येथे थांबून विचार करणे अगत्याचे आहे, कारण सार्वजनिक ठेवलेल्या व्हिडिओचा प्रेक्षक तो पालक निवडत नाही, यंत्र निवडते. फ्रान्सने २०२० साली ऑनलाइन व्हिडिओंतून कमाई करणाऱ्या मुलांसाठी कामाचे तास आणि मुलाच्या नावे ठेवायचे पैसे यांविषयी कायदा केला, ही या दिशेने उचललेली चांगली सुरुवात होती.

आशय निर्मळ, जाहिरात नाही, माहितीची चोरी नाही, असे सगळे जुळून आले तरी फार लहान वयात व्हिडिओ मुलाला काय देतो, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर बालविकासाच्या अभ्यासात सापडते. जॉर्जीन ट्रोसेथ आणि ज्युडी डिलोश यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना शेजारच्या खोलीत खेळणे लपवले जात असताना दाखवले. काहींना खिडकीतून प्रत्यक्ष, काहींना दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. त्यानंतर मुलाला त्या खोलीत सोडून खेळणे शोधायला सांगितले. अडीच वर्षांच्या मुलांना दोन्ही प्रकारे ते सापडले. दोन वर्षांच्या मुलांना खिडकीतून पाहिल्यावर सापडले, पण पडद्यावर अगदी तेच दृश्य पाहूनही बहुतेक वेळा सापडले नाही. पडद्यावरचे जग आणि आपण उभे आहोत ते जग एकच आहे, ही जोड त्या वयात पक्की झालेली नसते. या उणिवेला संशोधक 'व्हिडिओ-तूट' म्हणतात. बाळ व्हिडिओ पाहून शब्द शिकेल अशा आशेने त्याच्यापुढे तासन्‌तास पडदा ठेवणाऱ्या पालकांना ही गोष्ट कोणीतरी आपुलकीने समजावून सांगायला हवी.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये एक वर्षाच्या बाळांना बसून पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसातून एका तासाहून अधिक वेळ देऊ नये, असे सुचवले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे असे सांगितले असून अपवाद फक्त नातेवाइकांशी होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा केला आहे. हा अपवाद भावनेपोटी केलेला नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या मुलांना व्हिडिओ कॉलवरून बोलणाऱ्या व्यक्तीकडून नवी क्रियापदे शिकता आली, पण तशाच बोलण्याचे ध्वनिचित्रमुद्रण दाखवले तेव्हा ती शिकता आली नाहीत. कारण कॉलवरची व्यक्ती मुलाने काही म्हटले की थांबते, हसते, त्याच्या बोलण्याला उत्तर देते. न्यूजर्सीत किंवा दुबईत वाढणाऱ्या नातीला सोलापूरची आजी मोबाइलवरून मराठी गोष्ट सांगते तेव्हा पडदा असतो, पण पडद्याची ती तूट बरीच भरून निघते. व्हिडिओची गतीही विचारात घ्यावी लागते. अँजेलिन लिलर्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी २०११ साली चार वर्षांच्या ६० मुलांवर केलेल्या प्रयोगात वेगवान, अद्भुत घटनांनी भरलेले कार्टून अवघी नऊ मिनिटे पाहिलेल्या मुलांची, स्वतःला आवरण्याची आणि सूचना ध्यानात ठेवण्याची क्षमता चित्र काढत बसलेल्या मुलांपेक्षा लगेचच्या चाचण्यांत उणी दिसली. हा परिणाम किती काळ टिकतो हे त्या प्रयोगाने सांगितलेले नाही, आणि त्याहून मोठा निष्कर्ष त्यातून काढणे योग्य होणार नाही. पण जेवणाच्या किंवा झोपण्याच्या आधी काय लावायचे, एवढे ठरवण्यास तो पुरेसा आहे.

कायद्यांनी अलीकडे निवडीच्या या प्रश्नाला हात घातला आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये अमलात आलेल्या आणि वर्षभराच्या मुदतीनंतर बंधनकारक झालेल्या बालसंहितेने असा दंडक घातला की मुले वापरण्याची शक्यता असलेल्या सेवेत मुलाच्या हिताची मांडणी आधीपासूनच चालू असावी, पालकाने ती शोधून चालू करावी लागू नये. यूट्यूबने ऑगस्ट २०२१ मध्ये तेरा ते सतरा वयाच्या वापरकर्त्यांसाठी पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय मुळातच बंद ठेवण्याचे जाहीर केले. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. त्या मनाईत यूट्यूब आले, पण यूट्यूब किड्स वगळले गेले. भारतात २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मालिका-चित्रपट दाखवणाऱ्या ओटीटी सेवांना सर्वांसाठी, सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील, सोळा वर्षांवरील आणि केवळ प्रौढांसाठी अशी वर्गवारी करणे आणि तेरा वर्षांवरील गटापासून पुढे पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय देणे बंधनकारक केले. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई केली. मुलांविषयीच्या कर्तव्यांत कसूर झाल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य कर्तव्ये टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. वर्तनाची पाळत थांबवायची तर वर्तनावर चालणारी शिफारसही बदलावी लागेल, आणि या तरतुदीची खरी ताकद तेथेच आहे.

घराच्या पातळीवर जे करता येते त्यातले सर्वांत परिणामकारक पाऊल म्हणजे यूट्यूब किड्समधील 'केवळ मंजूर केलेले' ही मांडणी. चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा, असे तीन वयोगट ॲप देते, परंतु त्या तिन्हींत अंतिम निवड यंत्राचीच राहते. चौथ्या पर्यायात मात्र पालक एकेक चॅनेल किंवा एकेक व्हिडिओ हाताने निवडतो, शोधण्याची सोय बंद होते आणि मुलापुढे तेवढेच फडताळ उघडे राहते. मराठी घरांसाठी हा पर्याय दुहेरी महत्त्वाचा आहे, कारण चाळणी करणाऱ्या यंत्राला शिकवण्यासाठी लागणारी सामग्री इंग्रजीत विपुल आणि मराठीत तोकडी असते, त्यामुळे मराठी शब्दांतले खोडसाळपण यंत्राच्या नजरेतून निसटणे अधिक संभवते. शिवाय मराठी ऐकू यावे असे पालकाला वाटत असले तरी मोठ्या साठ्यातून यंत्र मुलाला लवकरच इंग्रजी-हिंदीच्या प्रवाहात नेऊन सोडते. असे फडताळ लावायला एक संध्याकाळ लागते. तीस-चाळीस व्हिडिओ स्वतः शेवटपर्यंत पाहून निवडावेत, कारण नकली पेपा पिगची सुरुवातही ओळखीचीच होती.

कुलपाकडे थोडे बारकाईने पाहायला हवे. ॲपच्या कोपऱ्यात एक लहान कुलपाचे चित्र असते. ते दाबले की मोठ्या माणसाची खात्री पटवण्यासाठी एक गुणाकार विचारला जातो. पाढे पाठ असलेल्या तिसरीतल्या मुलाला तो सोडवायला क्षणभरही लागत नाही, म्हणून गुणाकाराऐवजी स्वतःचा चार अंकी पासकोड ठेवावा. त्याच कुलपामागे वेळेचे घड्याळ आहे. ठरवलेली मिनिटे भरली की ॲप स्वतःच थांबते आणि पासकोडवाचून पुढे जात नाही. थांबवण्याचा कटू निर्णय त्यामुळे दरवेळी आईवर येत नाही, आणि मुलाचा हट्टही तुलनेने लवकर निवळतो. घड्याळ लावण्यापूर्वी मुलाला त्याची कल्पना द्यावी, आणि ते थांबण्याच्या दोन मिनिटे आधी जवळ जाऊन बसावे.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली हे घड्याळ घराबाहेर, सगळ्या गावासाठी लावले. तेथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद ठेवले जातात. मुले अभ्यासाला किंवा वाचनाला बसतात, आणि साडेआठला दुसरा भोंगा होतो. कोणत्याही ॲपला न जमणारी एक गोष्ट यात साधली जाते: त्या दीड तासात मुलाच्या हातातला मोबाइल काढून घेणाऱ्या बापाच्या हातातही मोबाइल नसतो.